शेवटचा रकाना

५ ऑगस्ट, सोमवार
विद्यापीठाच्या टीचिंग सेंटरमधून रंजिता मॅडमचा फोन. शिकवणं सुधारायचं म्हणून बाहेरची माणसं वर्गात बसवणार आणि फॉर्म भरून घेणार. मला अर्थशास्त्र दिलं, म्हणजे यांचाच विषय. हे जाऊन दोन वर्षं झाली. यांच्या जागी आता कोण काय दिवे लावतंय ते बघायचंच होतं.
मी कॉलेजात गेले नाही. इंग्रजीसुद्धा पेपर वाचून वाचून शिकले. पण तीस वर्षं रोज जेवणं झाली की हे उद्याचा तास मला म्हणून दाखवायचे. एकही चुकवला नाही. चांगलं शिकवणं म्हणजे काय ते मला विचारा.
निश्चय: पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत पूर्ण लक्ष.

६ ऑगस्ट, मंगळवार
शी. मंजुनाथ म्हणून इथलाच कानडी लेक्चरर आहे. झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून वाचतो. सूर एकच, मिक्सर लावल्यासारखा. मुलं मोबाइलमध्ये. याला पगार देतात!
नीट ऐकता यावं म्हणून मी डोळे मिटले. फॉर्मचा शेवटचा रकाना, ‘तासाचा समारोप कसा झाला?’, तेवढा राहिला. पुढच्या वेळी.

१३ ऑगस्ट, मंगळवार
किळस आली. एक गोष्ट निवडली की दुसरी हातची जाते, हे शिकवायला उदाहरण काय, तर एक बाई गॅसवर दूध ठेवून बँकेत जाते आणि फुकटच्या कॅलेंडरसाठी दोन तास रांगेत उभी राहते. इकडे दूध उतू जातं. सगळा वर्ग हसला. अशी बावळट बाई कुठे असते का? हे असतं तर यांनी असलं काही खपवून घेतलं नसतं.
लिहिलं: उदाहरणं जुनाट. बायकांची टिंगल. झेरॉक्स काढून घ्याव्यात.
नंतर पुन्हा डोळे मिटले. शेवटचा रकाना कोरा.
बाहेर मंजुनाथ आडवा आला. म्हणाला, अक्का, स्वल्प थांबा, सरांबद्दल बोलायचंय. मी म्हटलं, फॉर्म भरणाऱ्याशी गप्पा मारायच्या नसतात. सरी अक्का, म्हणजे बरं अक्का, म्हणाला आणि गेला. वशिला लावायला बघत होता.

२० ऑगस्ट, मंगळवार
वर्गात माझ्या शेजारी पुण्याची श्वेता म्हणून विद्यार्थिनी बसते. म्हणाली, काकू, तुम्ही घोरता. मी म्हटलं, विचार करत होते. तर म्हणे, मग विचार जरा हळू करा, पुढच्या बाकापर्यंत ऐकू येतो.
हे गेल्यापासून घरी झोप नाही. गोळीनेसुद्धा येत नाही. वर्गातच कशी लागते? दोष पंख्याचा आणि त्या नोट्सचा.
अहवालात शेवटी लिहिलं: ज्याने या नोट्स काढल्या, त्याला मुलांची दयामाया नव्हती. रंजिता मॅडम म्हणाल्या, इतकं स्पष्ट कुणीच लिहिलं नव्हतं, लगेच ॲक्शन घेतो. अखेर कुणीतरी ऐकलं.

२७ ऑगस्ट, मंगळवार
मंजुनाथ घरी आला. बसला नाही. म्हणाला, नोट्स बंद करायची ऑर्डर आलीय, पुढच्या आठवड्यापासून स्लाइड. सरांनी रिटायर होताना ही झेरॉक्स दिली होती. एवढंच विचारायचंय अक्का, कडेला मराठीत काय लिहिलंय? मला वाचता येत नाही.
कॅलेंडरच्या उदाहरणाशेजारी. अक्षर यांचं.
‘इथे थांबणे. मुलं हसतात. हिला सांगायचं नाही.’
मी मंजुनाथला सांगितलं, इथे पाणी प्यावं, असं लिहिलंय. तो थँक्स म्हणाला.
आणि त्या दिवशी माझं दूध उतू गेलं नव्हतं. पातेलंच जळलं होतं. यांनी वर्गात सांभाळून घेतलं.
घरी इथपर्यंत यायच्या आत मला झोप लागत असणार. रोज. उठवलं नाही कधी.
रंजिता मॅडमना फोन केला, अहवाल परत द्या. पोर्टल बंद झालंय म्हणाल्या. वर अभिनंदन केलं.

३ सप्टेंबर, मंगळवार
नव्या स्लाइड. रंगीत. उदाहरणात इथल्या बेळ्ळंदूरचा एक इंजिनिअर आणि दोन नोकऱ्या. कुणी हसलं नाही.
मला पूर्ण तास झोप आली नाही. शेवटचा रकाना पहिल्यांदाच भरला: तास वेळेवर संपला.