फायद्याचं गाव

क्लेटन,
३ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. सुनेत्राआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कागदावर लिहितेय म्हणून घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. फोन केला तर आई शेजारी येऊन बसते आणि माझे मेसेज घरातल्या आयपॅडवरही उमटतात. तू उत्तर मी काम करते त्या फार्मसीच्या पत्त्यावर पाठव.

मेडिकलचा यंदाही नकार आला, हे तुला कळलंच असेल. कळलं नसेल ते हे, की मला हायसं वाटलं. चेहऱ्यावर रडू आणता येईना म्हणून नळ सोडून बाथरूममध्ये बसून राहिले. गेल्या वर्षी नुसता इंटरव्ह्यूचा कॉल आला, तर बाबांनी तीच ॲडमिशन समजून मंडळाच्या गणपतीत पेढे वाटले. अजून डँडेनॉन्गच्या बाजारात भाजी घ्यायला गेले की कुणीतरी काकू मला गुडघा दाखवते!

आता बाबांनी तक्ता केलाय. सात मास्टर्स, आणि प्रत्येकापुढे एकच रकाना: तिसऱ्या अर्जाला किती बळ. मला हवंय ते त्यात नाहीच. तुझ्या टूवूंबाला स्पीच थेरपीचं दोन वर्षांचं मास्टर्स आहे. तुझा नील बोलताना अडखळायचा, तेव्हा सुट्टीत मी त्याच्याबरोबर मांडीवर टिचक्या मारत एकेक शब्द सोडवायचे, आठवतं? त्याने न अडता स्वतःचं नाव सांगितलं, तेव्हा झाला तेवढा आनंद मला कुठल्याच मार्कांनी झाला नाही.

फॉर्म ३१ तारखेच्या आत भरायचाय. तू बाबांशी बोल ना गं. मी तोंड उघडलं की ते म्हणतात, दमलीस बाळा, आपण करू सगळं. ते 'आपण' ऐकलं की मी मान डोलावून मोकळी होते.

नीलला शाबासकी. तुझी थोडी माया उलट टपाली पाठव, इथली वेगळ्या जातीची आहे.

तुझी भाची,
मैथिली


टूवूंबा,
११ ऑक्टोबर

चि. मैथिलीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये दोनदा वाचलं, चहा गार झाला.

अगं वेडाबाई, मी दादाशी बोलू? माझं चित्रकलेचं सामान माळ्यावर टाकून मला नर्सिंगला घातलं ते त्यानेच. त्याच्यापासून दीड हजार किलोमीटरवर मी घर केलं, ते काय हवापालटाला? जीव लावतो गं, पण त्याच्या मायेला ब्रेक नाहीत.

दादाला 'नको' ऐकू येत नाही. 'फायदा' मात्र तीन खोल्यांपलीकडून ऐकू येतो. तेव्हा त्याला सांग, की शहरापासून लांब राहिलेल्या मुलांना मेडिकलला वेगळ्या जागा असतात, टूवूंबाला शिकलीस तर अर्जाला वजन येईल. अशा जागा असतात हे खरंच आहे, म्हणजे तू काही अगदीच खोटं बोलत नाहीस. दोन वर्षांत तो आपोआप थंड होईल. माझी मागची खोली तुझी. इथे बस मिळणं म्हणजे देवदर्शन, तेव्हा ड्रायव्हिंग पक्कं कर.

पोटभर जेव आणि तोंड बंद ठेव. इकडची माया पाकिटात मावली नाही, ती इथे आलीस की घे.

तुझी आत्या


क्लेटन,
१८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लागू पडलं! बाबांनी तक्ता फाडला आणि मला जवळ घेऊन म्हणाले, हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं. ऑफर आली, मी होकार कळवलाही. फसवल्याचं वाईट वाटतं, पण किती दिवसांनी गाढ झोप लागतेय.

वेगळ्या जागांसाठी सलग किती वर्षं राहावं लागतं, हे मात्र त्यांनी तीनदा विचारलं. पाच, असं मी सांगून टाकलं. मग विचारलं, तिकडे थंडी किती असते. आईने सगळी कपाटं आवरायला काढलीत, ख्रिसमसची सफाई असेल.

फेब्रुवारीत येतेच. तोवर मागच्या खोलीवर आणि माझ्यावर नजर असू दे.

मैथिली


क्लेटन,
४ डिसेंबर

चि. सौ. सुनेत्रास,
अ. उ. आ.

फोनवर मैथिली ऐकेल, म्हणून हा कागद. बसून वाच. आम्ही तिघंही टूवूंबाला येतोय! पाच वर्षं काढायची तर पोरीने एकटीने का काढायची? ऑफिसने मला घरून काम मंजूर केलंय. तुझ्या विनीतावहिनीने चाइल्डकेअरमधली बारा वर्षांची नोकरी सोडली, जराही कुरकुर न करता. इथलं घर भाड्याने दिलं आणि तुझ्यापासून चार घरं सोडून एक मिळालं. तिथे बस नाहीत म्हणे. तिला रोज युनीला सोडायला-आणायला मी आहेच.

तुला हसू येईल. पण यंदा नकार आला त्या दिवशी पोर नळ सोडून तासभर बाथरूममध्ये होती, आणि मी दाराबाहेर उभा होतो. आपण मुलीला कुठे कमी पडलो, हेच कळेना. आता कळलं, गाव चुकलं होतं.

तिला यातलं काही बोलू नकोस, आम्हीच सांगू. माझ्यावरचे जुने राग राहू देत, पण घर लावायला ये.

तुझा दादा,
शैलेंद्र


क्लेटन,
१४ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आईबाबांनी काल जेवताना सांगितलं. आईने खीर केली होती. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी 'मस्त' म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? आईच्या नोकरीवर दुसरी बाई रुजूसुद्धा झाली. बाबांनी फ्रिजवर नवा तक्ता लावलाय, पाच वर्षांचे पाच रकाने, आणि त्यांच्याखाली डॉ. मैथिली. त्यांनी तुला आधीच लिहिलं होतं म्हणे. तू कळवलं नाहीस म्हणून रागावले नाही. काय लिहावं, हे तुलाही सुचलं नसेल.

येत्या शनिवारी निघतोय. दोन दिवसांचा रस्ता, गाडीत आम्ही तिघंच. तेव्हाच सगळं सांगायचं ठरवलंय. रोज मांडीवर टिचक्या मारत तालीम करते, नीलला शिकवली होती तशीच. 'बाबा' एवढं नीट येतं. पुढचा शब्द येत नाही.

हे शेवटचं पत्र, चार घरांवरून कोण लिहितं? लोभ आहेच. तो आहे तेवढाच राहू दे गं. याहून वाढला तर श्वास घ्यायला जागा उरणार नाही.

तुझी,
मैथिली