चुना

मुहर्रम बे, अलेक्झांड्रिया

प्रिय शोशो,

ईदला तू पाठवलेले खजूर केव्हाच संपले आणि त्यांची पोच मी आत्ता देतोय. रागावू नकोस, पोरी. फोनवर सांगायला घेतो, तू "बाबा, जेवलात का?" विचारतेस आणि माझं सगळं राहून जातं. शेजारच्या हाज्जा तहियाचा जावई गुरुवारी कुवेतला परततोय, त्याच्या हाती हे देतो. अक्षर लागलं नाही तर सहावीत शाळा सोडलेल्या माणसाचं आहे असं समज.

बातमी बुंदुकची आहे आणि घाणेरडी आहे. जेवताना वाचू नकोस. तुझ्या आईचा हा पांढरा झिपरा कुत्रा चौदा वर्षांचा झाला. त्याच्या तोंडाला असा वास मारतो की मासळीबाजारातलं गटार परवडलं. त्याने जांभई दिली की मी खोली सोडतो. हनुवटीचे केस लाळेने पिवळे, चिकट. माझ्या उशीवर तपकिरी डाग. आणि एवढं करून तोंड टेकायला त्याला माझीच मांडी लागते! जिन्यात तो दिसला की हाज्जा तहिया झगा गुडघ्यापर्यंत उचलते. "लांब धरा हो त्याला! कुत्र्याची लाळ लागली तर नमाजाआधी सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने. माझे गुडघे आता मातीपर्यंत वाकत नाहीत!" मी म्हटलं, बाई, तू सात वेळांवर सुटतेस, मी सकाळपासून मोजायचं सोडून दिलंय.

गेल्या आठवड्यात त्याने भाकरीचा तुकडा तोंडातून टाकून दिला, तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरणीकडे नेलं. पोरगी तुझ्याहून लहान. तिने त्याचा ओठ उचलला आणि म्हणाली, "हाज्ज, दातांवर चुना चढलाय. भूल देऊन साफ करावे लागतील." चुना! चाळीस वर्षं मी लोकांच्या गिझरमधला चुना खरवडला, आणि ही मला भूल सांगतेय. मी म्हटलं, आमचा चुना आम्ही काढू. ती हसली. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. घरी येऊन फडक्याला व्हिनेगर लावलं, माझी बारीक पटाशी घेतली आणि त्याला गुडघ्यांत धरलं. थर निघाला, खापरीसारखा. थराबरोबर अख्खा दात माझ्या हातात आला. चुन्यानेच तो धरून ठेवला होता. मागून पू आला. त्याचा वास मी लिहीत नाही. मी मोरीत ओकलो. बुंदुक ओरडला नाही. नुसता थरथरत राहिला आणि मग त्याच रक्ताळल्या तोंडाने माझा अंगठा चाटायला लागला. मला शिसारी आली आणि मी त्याला ढकललं. ढकललं, शोशो. दिवसभर हात धुतले तरी किळस जाईना, आणि आता ती कुत्र्याची उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून परत गेलो. डॉक्टरीण माझ्यावर अशी तापली! "गिझरला हिरड्या असतात का, हाज्ज?" मग नीट समजावलं. एका बाजूचे दात कुजलेत, काही काढावे लागतील. तसेच ठेवले तर पू अंगात भिनेल, तो दुखण्यानेच झिजेल. पण काळीज कमजोर आहे, वय झालंय. आधी रक्त तपासू, तरी भुलेची हमी कुणी देत नाही. माझा चेहरा पाहून तिने खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका, छोटंसं काम आहे. संध्याकाळी घरी न्या." आणि सहीचा कागद पुढे केला. मी पेन उचललं, खाली ठेवलं, कागद घडी करून खिशात घातला आणि कुत्र्याला काखेत मारून बाहेर पडलो. तिने औषध दिलंय आणि पुढच्या रविवारनंतरचा रविवार राखून ठेवलाय. तोवर कोंबडीच्या रश्शात भिजवलेली भाकरी भरवतो. अर्धी माझ्या बाहीवर सांडते.

आता खरं लिहितो. "छोटंसं काम आहे, संध्याकाळी घरी न्या," हे शब्द मी आधी ऐकले होते. तुझ्या आईच्या पित्ताशयातले खडे काढायचे होते तेव्हा. भुलेतून ती जागी झालीच नाही, एवढं तुला माहीत आहे. नऊ वर्षांत जे सांगितलं नाही ते हे: तुझी आई इन्साफ मला सही करू देत नव्हती. "अहो, शोशो येईपर्यंत थांबू या ना," असं चारदा म्हणाली. मला तिच्या रडगाण्याचा वीट आला होता. छोटंसं काम आहे, पोरीला कशाला धावडवायचं, असं म्हणून मी कागद न वाचताच सही केली. बुंदुक तिचा होता, म्हणजे तुझा आहे. त्याचा कागद सोबत पाठवतोय, नीट वाच. माझ्या मनात हो आहे, पण तेव्हाही हो होतं. तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण एकट्याने सही करायला लावू नकोस. तिने थांबायला सांगितलं होतं. या वेळी मी थांबलोय. बुंदुकला मात्र फार थांबता येणार नाही. पत्र मिळताच फोन कर, मी त्याच्याजवळच बसलोय.

तुझाच,
बाबा