जेवणाचा भोंगा

प्रिय ठमे,

तुझ्याआधी हे पत्र वाचणाऱ्या तुरुंगातल्या साहेबांना आधी नमस्कार. साहेब, माझी शाळा दुसरीतच सुटली, चुका काढत बसू नका.

तर ठमे, तुझी आजी मोर्चाला गेली, कारखान्यांच्या दारांची कुलपं काढा म्हणून. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी. आमच्या शिलाई कारखान्यातल्या झाडून सगळ्या बाया होत्या. मोर्चात चालायचं कसं, कुणाला ठाऊक? मग मशीनवर बसतो तशाच ओळीने निघालो. पुढे कॉलरवाल्या, मग बाहीवाल्या, शेवटी काजं-बटणं. बाहीवाल्यांत तुझ्या आईची जागा मोकळी ठेवली. घोषणा दोनच पाठ, त्यातली एक अर्ध्यात विसरली.

चौकात पोचलो आणि कारखान्याचा जेवणाचा भोंगा झाला. झालं, जन्माची सवय. सगळ्या मटकन खाली बसल्या नि डबे उघडले, भर रस्त्यात. मागे गाड्यांची ही रांग. फौजदार धावत आला, म्हणाला, आजी, हा ठिय्या कुणाच्या हुकमाने? म्हटलं, पोटाच्या, बाळा. घे, घास खा. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, त्यात माझे गाल फुगलेले.

आणि काल मागच्या दाराचं कुलूप निघालं गं. मालकाच्याच माणसाने काढलं, सगळ्यांदेखत. मी पोरीसारखी आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिले. मग उंबऱ्यावर पाय अडला. आग लागली तेव्हा तुझी आई ह्याच दारापर्यंत आली होती. इथवर पोचली होती बिचारी.

बाकीच्या कारखान्यांची कुलपं तशीच आहेत. दारं उघडी ठेवायचा कायदा कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे म्हणतात. म्हणजे होतं काहीतरी, पण मुंगीच्या पावलाने, आणि ज्याच्यासाठी करावं त्याच्यापर्यंत पोचत नाही.

वकीलबाई सांगत होत्या, पुन्हा रस्त्यावर उतरणार नाही असं लिहून दिलंस तर तुला सोडतील, पण तू सही करत नाहीस. आईशी बेइमानी होईल म्हणतेस. अगं, आमच्या ओळीत एक बाई उठली की शेजारीण तिची शिवण पुढे ओढते. त्याला कुणी बेइमानी म्हणत नाही. तुझी शिवण आता मी धरली आहे. सही कर नि घरी ये. माझं एक माणूस बंद दारामागे गेलं, दुसरं नको.

तुझीच वाट बघणारी,
कॉलरवाली आजी