गुरुवारचा पाऊस

केल्सो हिल, ओटलँड्सजवळ,
टास्मानिया
२१ जून

चि. लॅकी यास,

आईचा आशीर्वाद. तू बरा असशील असं धरून चालते. आम्ही जिवंत आहोत. माझी कंबर दुखते, ती दुखणारच. पाऊस थांबायचं नाव नाही, सरपण ओलं, चूल नुसती धुमसते, म्हणून अक्षर असं आलंय. तसं ते कोरड्यातही असंच येतं.

तुझं पत्र पोचलं. बापानं पेटीतून आणलं, वरचं अक्षर बघितलं, माझ्यापुढे टाकलं आणि बाहेर निघून गेला. मी वाचलं. परत वाचलं, मला एका वाचण्यात कळत नाही. झोप येत नाही म्हणतोस, कॉलेज सोडतो म्हणतोस, मेंढ्या विण्याच्या आत घरी येऊन बापाचे पाय धरतो म्हणतोस.

येऊ नकोस.

आता नीट सांगते. नेमकं काय झालं ते तू विचारलंयस, आणि बाप तर "तुझ्या त्या अंदाजानं झालं" एवढं बोलून फोन आपटतो.

मे महिन्यात तू हवामानखात्याचं तीन महिन्यांचं भाकीत घेऊन आलास. आपल्या भागात जूनमधली थंडीची सुरुवात कोरडी जायची शक्यता जास्त, असं त्यात होतं. नुसती शक्यता आहे बाबा, असं तू बजावलंस. मी तिथंच बटाटे सोलत होते, मी ऐकलं. पण तुझा बाप शक्यता ऐकत नाही, कोरडी ऐकतो. गाभण मेंढ्यांची लोकर विण्याआधीच कातरली तर गार वाऱ्यात त्या स्वतःहून आडोसा धरतात, मग कोकरं वाचतात, हेही तूच म्हणालास. खोटं नाही ते. पलीकडच्या कुरणांवरचा बर्नी दरवर्षी तसंच करतो. म्हणून यंदा कातरणारे जूनमध्ये बोलावले.

डेस त्याची टोळी घेऊन आला. सगळ्यांची तोंडं माझ्या जिवावर. सकाळी नाश्ता, मग चहा, दुपारी मटण, परत चहा आणि वर केक. डेस म्हणतो, वहिनी, तुमच्या या केकवर आमच्या पात्यांना धार लावता येईल. मी म्हटलं, लाव, आणि तुझ्या जिभेची तेवढी काढून ठेव.

गुरुवारी शेवटचा कळप उरला होता. दव फार पडलं होतं. मेंढ्या ओल्या की कोरड्या, यावर कातरणाऱ्यांनी मत टाकायचं आणि मालकानं तोंड मिटून बसायचं, ही तर रीतच आहे. ओल्या ठरल्या की यंत्र बंद. टोळीतला म्हातारा कॉल एकटा ओल्या म्हणाला. बाकीच्यांनी कोरड्या म्हटलं, त्यांना पुढच्या शेडला पोचायचं होतं. डेसनं आधीच सांगून ठेवलं होतं, आज काम मोडलं तर तुमचा नंबर सप्टेंबरात.

चहाच्या जरा आधी मी स्वयंपाकघरात एकटी होते. रेडिओ चालू होता. मेंढ्यावाल्यांना इशारा दिला. संध्याकाळपासून नैऋत्येचा गार वारा, जोराचा पाऊस, नुकत्याच कातरलेल्या मेंढ्या आडोशाला घ्या.

मी रेडिओ बंद केला.

माणसं आत आली. बाप हात धुता धुता म्हणाला, "पावसाचं काही सांगितलं का गं?"

मी म्हटलं, "तुझ्या लेकानं सांगितलंय ना, कोरडं आहे. चहा घे, आयव्हर, गार होतोय."

का, असं तू विचारशील. तो इशारा थंडीत सारखा देतात, आणि निम्म्या वेळा काही येत नाही. आणि सांगितलं असतं तर बापानं कातरणं तिथंच थांबवलं असतं, त्या माणसांना सप्टेंबरात परत जेवू घालायचं माझ्या जिवावर आलं होतं. बस, एवढंच. याहून मोठं कारण शोधत बसू नकोस, नाही आहे.

टोळी दुपारी गेली. कातरलेल्या मेंढ्या बापानं गवत बघून खालच्या उघड्या कुरणात सोडल्या. कोरडंच राहणार होतं ना.

रात्रभर वारा-पाऊस झोडपत होता. उजाडल्यावर आम्ही दोघं गेलो. वाऱ्याकडे पाठ करून मेंढ्या चालत सुटल्या होत्या, कुंपण लागलं तिथं एकमेकींवर चढल्या. खालच्या गुदमरल्या, वरच्या गारठल्या. थोड्या हलत होत्या, पण उभ्या राहीनात. बापानं सुरी काढली. डोकी मी धरली. आई मेली तरी पोटातलं कोकरू लाथा मारत राहतं, हे मला माहीत नव्हतं. माझ्या गुडघ्याला लागत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं फाटकावरच्या नावाच्या पाटीतलं "आणि मुलगा" करवतीनं कापून काढलं. मी बघत उभी राहिले. जेवताना माझा हात धरून म्हणाला, "एफी, तू नसतीस तर मी त्या कुंपणाशीच जाऊन पडलो असतो." आपल्या आयव्हरनं कधी माझा हात धरलेला तू पाहिलायस का? मी पण नाही.

आता तूच सांग, याला कुठल्या तोंडानं सांगू? तुला शिव्या देत तो जगेल. मला द्यायची वेळ आली तर जगणार नाही. तुझं वय आहे, हातपाय आहेत, दुसऱ्या कुणाच्या मेंढ्या राखशील. त्याला आता दुसरं कोण मिळणार?

हे लिहिलं ते तुला झोप यावी म्हणून. मेंढ्या तू मारल्या नाहीस. तुझं भाकीत तीन महिन्यांचं होतं, त्यानं गुरुवारचा पाऊस थोडाच सांगितला होता. कॉलेज सोडलंस तर मूर्ख ठरशील.

हे पत्र बापाला दाखवता येईल, हे मला कळतं. अडाणी असले तरी तेवढं कळतं. दाखवायचं तर दाखव. आधी इतकं ठरव, की त्यानंतर तो त्या कुंपणाकडे चालायला लागला तर त्याला कोण धरणार. माझा हात तो झिडकारेल. तुझा धरेल असं वाटतं तुला?

तू लहानपणापासून मनानं चांगला. बोट कापलं तरी मला कळू नये म्हणून खिशात घालून फिरायचास. तू नाही दाखवणार.

त्याच भरवशावर,
तुझी आई