लाथ मारून नमस्कार

६ जानेवारी
दुपारी एक अनोळखी माणूस पाणी मागत आला. दिलं. पिऊन झालं तरी पडवीतून हलेना. म्हणे, "घरात कोण नाय?" मी म्हटलं, "आत झोपलेत." कोण झोपलेत? आमच्या ह्यांना, विश्रामना, जाऊन दीड वर्ष झालं! तो माणूस गेला, पण संध्याकाळपर्यंत मी दाराची कडी काढली नाही.

जाऊबाईंना फोनवर सांगितलं, तीच चूक. तळेऱ्याला असतात, थोरले दीर तिथे हायवेवर हॉटेल चालवतात. झाल्या सुरू — "किशोरी, एकटी कित्याक रवतंस गो? हंय ये. भियान मरशीत एक दिवस!" तिथे जाऊन काय करू? त्यांचे नारळ सोलत बसू? नाही जाणार म्हणजे नाही जाणार. हे घर माझं आहे. भीतीचं काय ते बघते.

१३ जानेवारी
मालवणात संध्याकाळी बायकांना सिलात शिकवतात. इंडोनेशियाकडची मारामारी! व्यायामही होतो म्हणे. नाव घातलं. शिकवणारा कौस्तुभ सर माझ्या अर्ध्या वयाचा. "काकी, गुडघे कसे आहेत?" म्हटलं, "तोंडाइतके चालत नाहीत, पण बरे आहेत."

मोजतात पण त्यांच्याच भाषेत — सातू, दुवा, तिगा. सातू म्हणजे एक! मला आपलं सातूचं पीठ आठवत राहिलं.

२० जानेवारी
जोडीला सारिका मिळाली. देवबागला तिचा होमस्टे आहे. पर्यटक प्यायले की अंगचटीला येतात, म्हणून शिकते. गोड पोरगी. तिने पॅड धरायचं, मी लाथ मारायची, मग लगेच उलट लाथ तिची. लाथ पॅड चुकवून तिच्या गुडघ्याला लागली. आणि मी काय करावं? खाली वाकले, तिच्या गुडघ्याला हात लावून कपाळाला लावला! पाय लागला की नमस्कार, हात आपोआप गेला. वाकले तेवढ्यात तिची लाथ माझ्या कमरेत.

सर म्हणाले, "काकी, चोराच्याही पाया पडणार काय?" सगळ्या फिदीफिदी. मीसुद्धा हसले. खूप दिवसांनी.

२२ जानेवारी
परत लाथ, परत नमस्कार! या हातांना सांगून सांगून थकले.

१७ फेब्रुवारी
आज एकदाही वाकले नाही. सारिका ओरडत होती, "काकी, मारा बिनधास्त! माका लागणा नाय!" मारल्या. सरांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मात्र कसंसंच झालं. अख्ख्या दिवसात दुसऱ्या माणसाला माझा हात लागायचा तो तेवढाच. नमस्कारापुरता. तोही आता गेला. कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, म्हणून इथे लिहिते.

३ मार्च
जाऊबाईंचा फोन. "मगे, कधी येतंस?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मी आता भियणंय नाय! परत परत विचारू नकात." त्यांनी फोनच ठेवला. बरं झालं. सुटले एकदाची.

२१ मार्च
फोन नाही. माझ्या एकटीच्या फोडणीत दोघांचं तेल पडतं अजून.

९ एप्रिल
सारिका येईनाशी झाली. सीझन! देवबागात खोली मिळत नाही म्हणतात. पडवीच्या खांबाला उशी बांधून लाथा मारते. सातू, दुवा, तिगा, मोठ्याने. तेवढाच घरात आवाज.

१९ एप्रिल
आज काय झालं! मासळी बाजारात एका दारुड्याने माझं मनगट धरलं. काहीतरी बरळत होता. मी विचारबिचार काही केला नाही. मनगट फिरवलं, त्याच्या पायामागे पाय अडकवला, दिला ढकलून. बसला चिखलात फतकल मारून! मासेवाल्या खदखदून हसल्या. एक म्हणाली, "गो बाय, परत एकदा दाखव मगे!" बांगडे घेतले तर दोन वर टाकलेन.

तरंगतच घरी आले. पायरीवरूनच हाक मारली, "अहो, ऐकलंत का?"

कोण ऐकणार?

बांगडे तळले. एकच खाल्ला, बाकीचे झाकून ठेवले. भीती गेली, खरंच गेली. कोणीही येऊन पडवीत बसू दे आता. पण मला वाटत होतं, भीती गेली की बरं वाटेल. भीतीवर सगळं ढकलत होते मी. एकटं वाटतंय. जाम एकटं वाटतंय.

२० एप्रिल
शेवटी मीच जाऊबाईंना फोन केला, दारुड्याची गंमत सांगायला. हसल्या, हसल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "तू भियतंस म्हणान नाय गो बोलवत होतंय मी तुका. ह्ये दिसभर हाटेलात. माका हंय बोलाक कोण आसा?"