पोत्यावरची जागा

मंगळवार, संध्याकाळ

देवळीच्या बसस्टँडवरून समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना घेऊन परतले, पण मन त्या पोत्यापाशीच अडकलंय.

बंद कँटीनच्या मागे एक म्हातारे बाबाजी राहतात. पायाचा अंगठा काळा पडलेला. दवाखान्यात नेलं नाही तर पाय जाईल. मी वर्गात सांगून सांगून थकले, की उघड्यावर राहणाऱ्याची जागा म्हणजे त्याचं घरच असतं, विचारल्याशिवाय बसायचं नाही. तरी ऋतुजा घाईघाईत शेजारच्या रिकाम्या पोत्यावर टेकायला गेली.

"तिथं नोको बसू पोरी. माही बायको झोपून राह्यली."

ती जमिनीवर बसली. तिने दवाखान्यात चलता का विचारलं, तर म्हणाले, "मले काऊन इचारते? तिले इचार."

ऋतुजाने खरंच पोत्याकडे वळून विचारलं, "काकू, यांना नेऊ का?"

बाबाजींनी कान दिला. मग म्हणाले, "जाय म्हन्ते."

मुलं त्यांना गाडीकडे घेऊन गेली. त्यांचं सामान म्हणून मी पोतं उचलायला वाकले, तर ते गरम होतं. त्या कोपऱ्यात ऊन येत नाही. कुत्रं बसलं असेल? पण आम्ही आल्यापासून तिथं कोणीच नव्हतं. मी पोतं तसंच ठेवलं.

बाबाजी वॉर्डात आहेत, पाय वाचेल असं डॉक्टर म्हणतात. ऋतुजाला मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

पण यांना नेऊ का, एवढंच आम्ही विचारलं. काकू, तुम्ही येता का, हे कोणीच विचारलं नाही. आणि बाहेर थंडी वाढते आहे.