जाळीमागची जागा

प्रिय अहो,

आज मी ग्राउंडवर जाऊन आले. हो, मीच! तुमच्या फोटोला उदबत्ती लावून सांगणार होते, पण फोटोतही तुम्ही नुसती मान हलवाल असं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

झालं असं, की तुमची ती किटबॅग तेराव्यापासून बाल्कनीत पडून होती. ग्लव्ह्ज, गुडघ्याचे पट्टे, सगळं तसंच. टाकवत नव्हतं आणि बघवतही नव्हतं. शेवटी तुमच्या जुन्या टीममधल्या बिश्तजींना फोन केला, म्हटलं कुणाच्या उपयोगी पडत असेल तर घेऊन जा. ते म्हणाले, भाभीजी, आप खुद आकर दीजिए. इतकी वर्षं जिथे गेले नाही, तिथे तुम्ही गेल्यावर जायचं?

का गेले नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्न होऊन नुकतीच पुण्याहून दिल्लीला, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले होते. नवरा ऑफिसच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर, स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी, मला केवढं कौतुक! शेजारच्या वहिनींना सोबत घेऊन, हिरवी साडी नेसून मॅच बघायला आले. आणि तुम्ही गोलवर गोल खाल्लेत. एक तर चक्क दोन पायांमधून गेला. रात्री जेवताना ताटावरची मान वर न करता एवढंच म्हणालात, "तू ग्राउंडवर येत नको जाऊस."

कारण नाही, काही नाही. मी काय समजणार? मी पांढऱ्या पायाची, असंच ना?

मग आंबेहळद उगाळून तुमच्या कोपरांना लावली, चिखलाने माखलेले ग्लव्ह्ज न पिळता सावलीत वाळवले, पण तुम्हाला झेप घेताना पुन्हा पाहिलं नाही. गुडघे गेले, तुम्ही खेळणं सोडून गोलकीपरांचे कोच झालात. रिटायर होऊन गाझियाबादला आलो, तर इथल्या मुलामुलींना शिकवायला लागलात. मी आपली घरीच. खूपदा विचारावंसं वाटायचं, की उभा जन्म गोल अडवले, आता सकाळभर आपल्याच कीपरवर बॉल मारताना कसं वाटतं हो? एखादा आत गेला की मनातून बरं वाटतं का? पण ते विचारायला गेले की मला का येऊ देत नाही, हा दुसरा प्रश्नही तोंडातून निसटेल, ही भीती.

आणि तुम्ही तरी कसले! मी तासभर बोलायचे, तुम्ही मान डोलवायचात. नुसते नंदीबैल आहात, म्हणायचे मी. कोथिंबीर विसरून आलात की भोपळा. दारात वाट अडवून उभे राहिलात की टोणगा. तुम्ही हसायचातसुद्धा नाही.

तर आज बॅग घेऊन ऑटोने गेले. बिश्तजी गेटवरच उभे होते. तुमच्यापुढे डिफेन्सला खेळणारा तो धिप्पाड माणूस आता काठी टेकत चालतो. त्यांनी प्रीतीला बोलावलं. तुमची कीपर, कॉलेजात जाणारी गढवाली मुलगी. तिने तुमचे ग्लव्ह्ज छातीशी धरले, रडली, आणि डोळे पुसत मला विचारते काय, "आंटी, नंदीबैल का मतलब क्या होता है?"

मी उडालेच. मग कळलं, की प्रॅक्टिस चालू असताना सर गोलच्या जाळीला लागून मागे उभे राहायचे आणि सारखे ओरडायचे. नंदीबैल, भोपळा, टोणगा. कीपरने मागे वळून पाहिलं की शिक्षा, ग्राउंडला चक्कर. तुम्ही ओरडायचात? घरी मीठ मागायला ज्यांना जड जायचं, ते? आणि हे तर माझे शब्द! सगळे जपून ठेवलेत, मला न विचारता वापरलेत, आणि वर मलाच ग्राउंडबंदी. मी बिश्तजींना म्हटलं, ही कुठली शिकवायची पद्धत?

तेव्हा ते सांगायला लागले. जाळीमागचे टवाळ लोक मॅचभर कीपरला शिव्या देतात, तुम्हाला त्याची सवय होती. पण त्या दिवशी त्यांना हिरवी साडी दिसली आणि ते माझ्यावरून बोलायला लागले.

"वो पीछे मुड़ गया, भाभीजी," बिश्तजी म्हणाले. "गोलकीपर पीछे नहीं मुड़ता. वो बार-बार मुड़ा."

काय बोलले हो ते लोक? बिश्तजींनी सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. पण मला तेव्हाच का नाही सांगितलंत? मी ते ऐकू नये म्हणून मला घरी ठेवलंत, आणि मी आयुष्यभर स्वतःच्या पायांना दोष देत बसले. राग आला मला. तिथल्या बाकावर बसून रडले. आणि खरं सांगू, खूप हलकंही वाटलं. एका वाक्याचं तर काम होतं, नंदीबैल!

निघाले, तर प्रीती मागे लागली. सर गेल्यापासून जाळीमागे कुणी उभंच राहत नाही म्हणे, आणि मॅचमध्ये लोक ओरडले की तिची मान वळते. आंटी, आप खड़ी हो जाइए ना, बस थोड़ी देर.

उभी राहिले. तुम्ही उभे राहून राहून तिथलं गवत पार गेलंय. बॉल आला, प्रीतीच्या हातातून सुटला, आणि माझ्याच्याने राहवलं नाही. "अगं ए भोपळे, झोपलीस का?" सगळं ग्राउंड हसलं. प्रीतीही हसली असेल. मला दिसलं नाही, कारण ती मागे वळली नाही.

दर रविवारी जाणार आहे मी, वचन देते. शब्द कमी पडायचे नाहीत, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? तुम्ही मात्र आता मागे वळून बघू नका. बघितलंत, तर ग्राउंडला चक्कर मारायला लावीन.

तुमचीच,
सुलभा